दोन जुने स्पीकर आणि गुरुवार

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असायची. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून भागाभागाला सुट्टीचे वार वाटून दिले होते, आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या वाट्याला गुरुवार आला होता. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. एकट्या माणसाला वाटतं. रविवारी सगळं जग घरी असायचं तेव्हा मी तपासणी विभागात उंच स्टुलावर बसून गिअरचे दात मोजत असायचो, आणि गुरुवारी मी मोकळा झालो की भेटण्याजोगा प्रत्येक माणूस आपापल्या कामावर गेलेला असायचा. माझा एक कॉलेजचा मित्र पुण्यात बँकेत होता. जेमतेम तासाभराच्या अंतरावर आम्ही राहत होतो, पण वर्ष-वर्ष भेट होत नसे.

कारखान्यातल्या इतरांनाही गुरुवारीच सुट्टी असे, हे खरं. पण त्यातले बरेचसे मावळातले, खेडचे, जुन्नरकडचे. बुधवारी संध्याकाळी भोंगा झाला की पिशवी खांद्याला लावून ते एस.टी. पकडत आणि शुक्रवारी सकाळी गावाकडच्या भाकरीचं गाठोडं घेऊन परत येत. माझं गाव सोलापूरच्याही पलीकडे. जायला एक रात्र, यायला एक रात्र, आणि सुट्टी एका दिवसाची.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचे, गिऱ्हाइकापुढे थान उलगडून दाखवायचे. मला बी.एस्सी.पर्यंत पोचवण्यात त्यांचा जेवढा वाटा, तेवढाच आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा. शाळा सुटल्यावर ते मला प्रयोगशाळेत थांबू द्यायचे. चुंबक, तारा, विजेच्या घंटा, सगळ्याला हात लावू द्यायचे. मला नोकरी मिळाली तेव्हा गावात पेढे वाटले गेले. त्यामुळे इथे मला करमत नाही हे मी कोणाला लिहिणार? लिहिलं असतं तर ते कृतघ्नपणाचं वाटलं असतं. मी लिहायचो, खोली चांगली आहे, पाणी वेळेवर येतं.

खोली आकुर्डीला होती. मालक जुन्या शेतकरी घरातले. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती आणि उरलेल्या पट्टीवर त्यांनी ओळीने पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या. प्रत्येक खोलीत कुठल्या ना कुठल्या कंपनीतला माणूस, प्रत्येकाची शिफ्ट वेगळी. एक उठायचा तेव्हा दुसरा आडवा व्हायचा. म्हणून तिथे एकच नियम कडक होता. दिवसा आवाज करायचा नाही, कारण कुठल्या तरी पत्र्याखाली रातपाळीवाला झोपलेला असणारच.

अशा जागी मी रेकॉर्ड प्लेअर घेऊन गेलो. कंपनीतले एक वरिष्ठ मुंबईला बदलून चालले होते आणि सामान कमी करत होते. एका पेटीसारखा तो प्लेअर होता, झाकणातच दोन स्पीकर. एक स्पीकर पूर्ण बसलेला, दुसरा खरखरणारा. त्यांनी तो मला तीन रेकॉर्डींसह जवळजवळ फुकटच दिला. म्हणाले, "तू सायन्सचा आहेस, करशील काहीतरी." त्यांचे उपकार मी आजही मानतो.

मी तो सायकलच्या कॅरिअरला बांधून पिंपरीच्या बाजारात नेला. तिथे पिठाच्या गिरणीला लागून रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचे, तळेगावचे मुसलमान. रोज लोकलने यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी झाकण उघडून दोन्ही स्पीकरच्या पडद्यांवर बोट टेकवलं आणि मान हलवली.

"हे गेले, भाऊ. यांच्यात जीव नाही आता."

मग ते खाली वाकले आणि बाकाखालून दोन लाकडी डबे ओढून काढले. जाडजूड शब्दकोश उभा करावा तेवढे उंच. एकाचं कापड फाटलेलं, दुसऱ्याचा कोपरा पाण्याने फुगलेला. कुठल्याशा परदेशी तंत्रज्ञाच्या बंगल्यातलं सामान भंगारात निघालं होतं, त्यात ते आले होते. तिकडची माणसं म्हणे असे स्पीकर पुस्तकांच्या फळीवर ठेवतात.

"वाजतात कसे?" मी विचारलं.

चाचांनी अंगठ्याने गिरणीच्या भिंतीकडे दाखवलं. "इथे काय सांगू? माझ्या दुकानात तोफ उडवली तरी गिरणीच ऐकू येते. पडदे शाबूत आहेत, एवढं माझं. पुढचं तुमचं नशीब."

मी ते घेतले. नव्या चपलेच्या जोडाला लागले असते त्याहून कमीच पैसे लागले. चाचांनी प्लेअरला बाहेर तारा काढून दिल्या आणि पुढच्या गुरुवारी मी विटांवर फळी मांडून तिच्या दोन टोकांना दोन डबे ठेवले.

गुरुवारचं आणखी एक होतं. कारखाने बंद असत म्हणून वीज मंडळ दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढायचं. सकाळी लाइट जायची ती दुपार कलल्यावर यायची. ती आली आणि मी पहिली रेकॉर्ड लावली. एका गायिकेचा ख्याल होता. आवाज आला, पण पसरट, पातळ, पाण्यात विरघळल्यासारखा. थोडा वेळ मी निराश होऊन बसलो. मग सरांच्या प्रयोगशाळेतलं काही आठवलं. दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एक पुढे आणि एक मागे जात असेल तर दोघे मिळून एकमेकांना खोडून काढणार. मी एका डब्याच्या मागच्या तारा उलट्या जोडल्या आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

त्यानंतर जे झालं ते नीट सांगणं मला तेव्हाही जमलं नाही. आवाज डब्यांतून येईनासा झाला. दोन डब्यांच्या मध्ये, भिंतीवर जिथे कॅलेंडर होतं तिथे, एक बाई बसून गात होती. तिच्या एका बाजूला तबला होता, दुसऱ्या बाजूला थोडी मागे पेटी. तानपुरे दोन होते आणि ते दोन आहेत हे कळत होतं. पेटीवाला सूर सोडायचा तेव्हा पट्टी लाकडावर परत टेकल्याचा बारीकसा टक् ऐकू येत होता. आमच्या गावात गाणं म्हणजे लांबून येणारी गोष्ट. लग्नाच्या मांडवावरचा कर्णा, नाहीतर पानाच्या दुकानातला रेडिओ. गाणारं माणूस एका खोलीत आपल्यासमोर बसलेलं असतं, त्याला मांडी असते, तहान लागते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि आवाज मी अगदी बारीक ठेवला होता, शेजारचा जागा होऊ नये एवढा. त्या भंगारातल्या डब्यांना तेवढाच पुरत होता.

रेकॉर्डची बाजू संपली तेव्हा मी मागे वळलो. कोणाला तरी म्हणायचं होतं, ऐकलंत का? मागे स्टोव्ह होता आणि दोरीवर वाळत घातलेला सदरा.

पुढच्या आठवड्यात घरमालक दारात येऊन उभे राहिले. आत पाऊल न टाकता त्यांनी मान लांब करून खोलीभर पाहिलं.

"खोलीत बाईमाणूस आलं व्हतं का?"

"नाही."

"ह्ये बगा, तुमी शिकलेले. पर आमी आवाज ऐकलाय. बाई गात व्हती. आमच्या खोल्यांत ह्ये चालायचं न्हाई."

मी त्यांना डबे दाखवले. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा रेकॉर्ड लावली. ते चौकटीला हात टेकून, मान तिरकी करून, थोडा वेळ उभे राहिले.

"ह्या डबड्यांतनं?"

"हो."

"बरं हाय," ते म्हणाले. "बाई न्हाई ना, मंग काय. पर बारीक ठेवा. पलीकडं रातपाळीवाला झोपलाय."

ते गेल्यावर मला हसू आलं आणि आनंदही झाला. निदान एका माणसाला तरी तिथे बाई असल्यासारखी वाटली होती. पण त्यांना चिंता भाडेकरूची होती, गाण्याची नव्हती. मला हवं होतं ते वेगळं. कोणीतरी येऊन माझ्या शेजारी बसावं आणि मी ऐकतो तेच त्यालाही ऐकू यावं, एवढंच.

कारखान्यातले दोघे-तिघे एका आठवड्यात गावी गेले नाहीत. मी त्यांना आग्रहाने बोलावलं. एक जण खाटेवर आडवा झाला, एक दाराशी विडी ओढत बसला, एक फळीला टेकून. मी स्टोव्हवर चहा ठेवला आणि रेकॉर्ड लावली.

"ही बाई अजून गळाच साफ करतेय का रे?"

"आलाप आहे तो. ऐक ना. पेटी ऐक, मागे आहे ती."

"मागे म्हणजे कुठे? मला तर सगळं ह्या डबड्यातूनच ऐकू येतंय. आवाज वाढव राव जरा."

"वाढवता येत नाही. शेजारी रातपाळीवाला झोपलाय."

"मग आम्हीपण झोपतो," खाटेवरचा म्हणाला, आणि खरंच त्याने तोंडावर टॉवेल घेतला.

ते चांगले लोक होते. माझ्या चहाचं त्यांनी कौतुक केलं. पुढे मला गमतीने विचारायचे, काय राव, कशी आहे तुझी बाई, अजून गळा साफ करतेय का? मी त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

मग मला शंका येऊ लागली. आमच्या विभागाची एक पद्धत होती. एखादा भाग नाजूक असेल तर एकाने मोजून चालत नसे. दुसरा येई, पहिल्याचा आकडा न बघता स्वतः मोजी, आणि दोन्ही जुळले तरच भाग पुढे जाई. एकट्या माणसाचा हात त्याच्या नकळत त्याला हवा तो आकडा काढतो, असं आमचे साहेब सांगत. मी खोलीत बसून विचार करायचो की हा आवाज खरंच एवढा चांगला आहे, की खोलीत कोणी नाही म्हणून मी एक बाई, एक तबलजी, एक पेटीवाला भिंतीशी आणून बसवलाय? हे विचारायला माझ्याकडे दुसरा माणूस नव्हता. तेच गाणं मी लावत राहिलो आणि दर वेळी थोड्या भीतीने लावत राहिलो.

मधल्या काळात प्लेअरची सुई बदलायला मी चाचांकडे गेलो. ते मान खाली घालून काम करत होते. न पाहताच त्यांनी विचारलं, "ते दोन डबे कसे वाजतात?"

आतापर्यंत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी बोलत सुटलो. तानपुरे दोन आहेत, पेटीची पट्टी टेकते, गाणं भिंतीपाशी येतं. गिरणी चालू असल्यामुळे मला ओरडून सांगावं लागत होतं आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"जिंदगी रेडिओ खोलण्यात गेली माझी," ते म्हणाले. "वाजतोय ना, एवढं बघायचं आणि गिऱ्हाइकाला द्यायचं. शांत जागी बसून ऐकलाय असा एक नाही. घरी जातो तेव्हा पोरं झोपलेली असतात, तिथे कसला रेडिओ. मी येऊ का एकदा?"

"या ना. गुरुवारी या."

"गुरुवारी कसा येऊ? तुम्हा लोकांना सुट्टी, सगळे रेडिओ घेऊन माझ्याचकडे येतात. शुक्रवारी मी बंद ठेवतो. शुक्रवारी चालेल?"

शुक्रवारी मी कामावर होतो. संध्याकाळी सुटल्यावर चाललं असतं, पण शुक्रवार हा त्यांचा तळेगावचा दिवस. दुपारची नमाज, म्हाताऱ्या आईजवळ बसणं, जागी असलेली मुलं. तो मी कसा मागणार? आम्ही दोघे थोडा वेळ वार मोजत राहिलो. मग गिऱ्हाईक आलं.

असे काही महिने गेले. मी बाजारात गेलो की चाचा लांबूनच हात वर करायचे, आणि मीही करायचो. त्याचा अर्थ एवढाच की अजून जमलेलं नाही.

एका गुरुवारी दुपारी मी जेवून पडलो होतो. बाहेर सायकलचा स्टँड लागल्याचा आवाज आला आणि कोणीतरी माझं दार विचारू लागलं. चाचा होते. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कागदात बांधलेली नानकटाई. सायकल त्यांनी बाजारातून कोणाची तरी मागून आणली होती.

"चला, आज जमलं," ते घाम पुसत म्हणाले. "बाजारात लाइट नाही सकाळपासून. केबल जळली म्हणतात. सोल्डरिंग तापत नाही, माशा किती मारू? म्हटलं दुकान बंद करून तुमच्याकडे गाणं ऐकून येऊ."

मी वर बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पंख्याकडे पाहिलं. पंखा थांबलेला होता.

"तुमच्याकडेपण नाही?"

"आज गुरुवार ना, चाचा."

मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसू लागले. "लाइट नाही म्हणून निघालो, आणि निघालो कुठे, तर रेकॉर्ड ऐकायला. कोणाला सांगू नका, भाऊ. धंदा बसेल माझा."

"परत जाऊ नका," मी म्हणालो. "येईल चार-साडेचारला."

"आता आलोय तर बसतो."

आम्ही चटईवर बसून लाइटची वाट पाहिली. मी चहा केला, नानकटाई सोडली. चाचांनी डबे उलटेपालटे करून पाहिले, फाटकं कापड बोटांनी सारखं केलं. माझ्या घरची विचारपूस केली. वडील कापडाच्या दुकानात आहेत म्हटल्यावर म्हणाले, मग त्यांना थान हातात घेताच कळत असणार. मी म्हणालो, हो, डोळे मिटून सांगतात. वडिलांबद्दल इथे कोणी मला पहिल्यांदाच विचारत होतं. घरमालक अंगणातून जाताना डोकावले.

"पावनं का? आज बाई न्हाई का गात?"

"लाइट नाही."

"मंग तिलाबी आज सुट्टी," म्हणून ते पुढे गेले. चाचांना याचा अर्थ कळेना, तेव्हा मी ती हकीकत सांगितली. ते इतके हसले की मला शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवून त्यांना गप्प करावं लागलं.

पंखा फिरू लागला तेव्हा त्यांना परतीची लोकल गाठायला फार वेळ उरला नव्हता. मी हात धुऊन रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली, सुई ठेवली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसलो.

आणि काही झालं नाही. बाई भिंतीपाशी आली नाही. सगळं गाणं माझ्या बाजूच्या डब्यात कोंबून भरल्यासारखं येत होतं. मला वाटलं, चाचांनी डबे हलवले तेव्हा एखादी तार निघाली. चाचा मान हलवत होते.

"छान आहे," ते म्हणाले. दुसऱ्याच्या घरचा चहा छान आहे असं आपण म्हणतो, तसं.

मी तारा तपासायला उठलो. चटईवरून जाताना मधोमध पोचलो तोच गाणं एका डब्यातून सुटलं आणि भिंतीपाशी जाऊन उभं राहिलं. मी एक पाऊल मागे गेलो, ते पुन्हा डब्यात शिरलं. मग मला कळलं. त्या खोलीत ऐकायची जागा एकच होती, दोन्ही डब्यांपासून सारख्या अंतरावर, एका माणसापुरती. माझ्याकडे कोणी येत नसे, म्हणून मी कायम तिथेच बसत आलो होतो, आणि ती जागा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. खाटेवर, दाराशी, फळीला टेकून बसलेल्या त्या माझ्या सोबत्यांना काय ऐकू आलं असेल तेही मला तेव्हाच समजलं.

"चाचा, इकडे सरका," मी म्हणालो. "अजून थोडं. हं. इथे."

"आणि तुम्ही?"

"मी आहे."

मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि दाराजवळ, चपलांशेजारी जाऊन बसलो. चाचा पाय लांब करून बसले होते. बाईने पहिला सूर लावला. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर त्यांनी पाय हळूच जवळ घेतले होते, मांडी घातली होती आणि सदरा गुडघ्यांवर नीट ओढून घेतला होता. खोलीत कोणी मोठं माणूस आल्यावर आपण सावरून बसतो तसे ते बसले होते. ते डब्यांकडे पाहत नव्हते. कॅलेंडरच्या थोडं खाली, भिंतीकडे पाहत होते.

बाजू संपली. सुई मधल्या लेबलाशी खरखरत राहिली, तरी ते हलले नाहीत. मी उठून ती उचलली.

"लोकल?" मी विचारलं.

"पुढची आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "या, आता तुम्ही बसा इथे. तुमची जागा आहे ही."

"नको. मी रोज बसतो. तुम्ही ऐका."

मी दुसरी बाजू लावली आणि दाराशी परत गेलो. तिथून बाई जेमतेम कळत होती, पेटी तर नव्हतीच. जवळच्या डब्यातून फक्त तबला येत होता, स्वच्छ, एकेक बोट वेगळं. मी बाजू संपेपर्यंत तोच ऐकत बसलो.